गळ्यातलं बजेट

खरं सांगायचं तर सगळ्याची सुरुवात एका खुर्चीपासून झाली. पण घरी मी सांगतो की सुरुवात आमच्या साहेबांच्या भाषणापासून झाली, आणि इथेही आधी तेच सांगतो. कारण हे आमच्या घरात कोणीतरी वाचणारच.

मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. आमच्या साहेबांना वर्षातून एकदा वरच्या साहेबांपुढे बजेटवर बोलावं लागतं. यंदा त्यांच्या मनात आलं की सुरुवात जरा विद्वत्तेने करावी. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बजेट, बजेट म्हणतो आपण. पण हा शब्द आला कुठून, त्याचा मूळ अर्थ काय, जरा बघून सांगा. दोन वाक्यं पुरेत. जास्त डोकं चालवू नका."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. मला कोणी डोकं चालवू नका म्हटलं की ते हमखास चालायला लागतं. (एरवी ते बंदच असतं, असं आमच्या हिचं मत आहे.)

ऑफिसातली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी रेकॉर्ड रूममध्ये टेबलफॅनखाली असते. ती ओढली तेव्हा फॅन कलंडला आणि त्याचं एक पातं वाकलं, पण ते जाऊ द्या. मी पान उघडलं, उभ्या उभ्या वाचत गेलो आणि वाचता वाचता खालीच बसलो.

बजेट म्हणजे मुळात पिशवी!

आकडे नाहीत, रकाने नाहीत, काटकसर नाही. चामड्याची छोटी पिशवी! जुन्या फ्रेंच लोकांची बूजेत, आणि तिच्याही मागे लॅटिनमधली बुल्गा, तीही चामड्याची थैलीच. इंग्रजांनी ती आपल्याकडे नेली आणि तिचं बजेट केलं. मग पिशवीत जे काय भरलेलं असेल त्यालाही बजेट म्हणायला लागले. बातम्यांचं गाठोडं असलं तर तेही बजेट. पुढे त्यांचा अर्थमंत्री वर्षाचा जमाखर्च मांडायला उभा राहिला की लोक म्हणायचे, मंत्री आज बजेट उघडणार. म्हणजे पिशवीचं तोंड सोडणार. असं करता करता पिशवी गळून पडली आणि लोकांच्या गळ्यात नुसते आकडे उरले.

मी साहेबांना दोन वाक्यं नेऊन दिली. साहेबांनी चष्मा वर केला. "पिशवी? अहो, वरच्या साहेबांसमोर मी पिशवीचं नाव काढू? त्यांना वाटेल मी काहीतरी सुचवतोय." आणि त्यांनी माझं सगळं संशोधन केराच्या टोपलीत टाकलं.

मी मात्र ते टाकलं नाही. आणि आता खुर्चीचं सांगायला हरकत नाही.

आमच्या ऑफिसच्या वाटेवर एक फर्निचरचं दुकान आहे. त्याच्या दाराशी, छपराखाली, एक वेताची आरामखुर्ची मांडलेली असायची. कपबशी ठेवता येईल इतके रुंद हात, मागे रेललं की आपोआप मागे जाणारी पाठ, आणि पाय ठेवायला खालून सरकत येणारी फळी. मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो तेव्हा मला वाटलं, माझ्या पाठीला आजवर इतकं समजून कोणी घेतलं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरी जाताना तिथे थोडा वेळ बसायचो. सुरुवातीला दुकानदार पाणी विचारायचा. मग नुसतं हसायचा. अलीकडे तर मान वर न करता "आलात?" एवढंच म्हणायचा.

आणि घरी गेलो की मी विषय काढायचो. "अगं, ती खुर्ची..."

"बजेटमध्ये बसत नाही."

संपलं. आमची ही बँकेत कॅशियर आहे. दिवसभर काचेपलीकडून लोकांशी बोलून बोलून तिला तीच सवय लागली आहे, आणि मला घरातही रांगेत उभं असल्यासारखं वाटतं. आईची कवळी बजेटमध्ये बसली. नवा कुकर बसला. आमच्या चिंगीचा टेबल टेनिसचा क्लास बसला, रॅकेटसकट. फक्त माझी खुर्ची तेवढी लग्नापासून बाहेर ताटकळत होती. बजेट या शब्दावर माझा किती राग असेल, तुम्हीच सांगा. आणि आता त्या शब्दाची कुंडली माझ्या हातात आली होती!

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी घसा खाकरला.

"अगं, तुला बजेट म्हणजे काय माहीत आहे का?"

"आहे की. तुमच्या खुर्चीला नाही म्हणायचं कारण."

"चूक! बजेट म्हणजे चामड्याची पिशवी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, "याला ताप आहे का बघ गं जरा."

मी हटलो नाही. फ्रेंच, लॅटिन, मंत्री, सगळं सांगितलं. "म्हणजे बघा, मूळच्या लोकांना आकडेमोड ठाऊकच नव्हती. पैसे पिशवीत टाकायचे, लागतील तसे काढायचे, पिशवी संपली की गप्प बसायचं. किती सोपं! एक महिना घर माझ्या हातात द्या. दोघांचे पगार पिशवीत, पिशवी माझ्या गळ्यात. महिनाअखेरीला पिशवीत जे उरेल ते खुर्चीचं."

"आणि नाही उरलं तर?" हिने विचारलं.

"तर खुर्ची हा शब्द मी या घरात पुन्हा तोंडातून काढणार नाही!"

"मग पाहुणे आले तर त्यांना बसायला काय देणार?" आईला खरंच काळजी वाटली.

मला वाटलं होतं, ही आता भांडेल. मी दिवसभर भांडणाची तयारी केली होती. पण हिने घास शांतपणे चावला, पाणी प्यायलं आणि म्हणाली, "चालेल."

(कॅशियर बाई नोट उजेडात न धरता ठेवून घेते तेव्हा माणसाने घाबरायला हवं. पण मी हुरळलो होतो.)

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा. ज्याला पैसे हवेत त्याने सगळ्यांसमोर मागायचे आणि कशाला हवेत ते सांगायचं. तुम्हीसुद्धा. आणि पिशवी गळ्यातून काढायची नाही."

"मंजूर!" मी टेबलावर हात आपटला. आमटीची वाटी चिंगीच्या मांडीवर गेली.

दुसऱ्या दिवशी मी चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्याकडे गेलो. त्याला म्हटलं, "गळ्यात अडकवायची छोटी पिशवी हवी. जुन्या पद्धतीची. चेन नको, बटण नको. तोंडाला वादी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाटकात काम करता?"

"घर चालवतो."

"असं होय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम सहानुभूती आली. पिशवी मात्र त्याने झकास शिवली. तांबूस, जाड, कडक. देताना म्हणाला, "चामडं करकरीत आहे. रोज थोडं तेल नाहीतर लोणी चोळत जा, नाहीतर तडे जातील."

तेलाने शर्ट डागाळला असता, म्हणून मी लोणी ठरवलं. (लोण्याने शर्ट डागाळत नाही, असं मला त्या वेळी का वाटलं, ते मलाही सांगता येणार नाही.)

पहिल्या सकाळी मी हॉलमध्ये स्टुलावर बसलो, गळ्यात पिशवी, आणि दरबार भरवला. सगळ्यात आधी आई आली.

"मला लोकर आणायची आहे."

"आई, कशासाठी ते सांगावं लागेल."

"तुला जन्म दिला तेव्हा मी कशासाठी म्हणून विचारलं होतं का?"

मी वादी सोडली. लोकरीचे तर दिलेच, वर सुयांचेही दिले. मग चिंगी आली. तिने शांपू, वह्या आणि मैत्रिणीचा वाढदिवस एका श्वासात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, अगदी राजासारखे दिसता." मी तिला वरचे सुट्टेही देऊन टाकले. ही आली, भाजी, दूध, वीज, गॅस असं नीट सांगितलं, पैसे घेतले, माझ्यासमोर मोजले आणि बँकेत गेली. मला वाटलं, वा! हे एवढंच होतं होय! यासाठी ही बाई इतकी वर्षं कपाळाला आठ्या घालून बसत होती?

माझी स्वतःची पाळी आली ती तिसऱ्या दिवशी.

मला एक नाद आहे, तो आता सांगितलाच पाहिजे. रस्त्यावर कोणी उलट्या पेटीवर उभा राहून एखादं यंत्र चालवून दाखवत असेल, तर मला पुढे जाववत नाही. त्या दिवशी कोपऱ्यावरचा माणूस एका छोट्या यंत्राने काकडीची फुलं करत होता. एकदा फिरवलं की फूल! मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. पिशवी गळ्यात होती, पण पिशवीतलं काढायचं तर घरच्या सगळ्यांसमोर. मी त्याला म्हटलं, "थांब हं, आलोच," आणि धावत घरी आलो.

दरबार भरला. या वेळी स्टुलावर मी होतो, मागणाराही मीच होतो आणि समोर तिघी होत्या.

"कशाला हवेत?" हिने विचारलं.

"काकडी कापायचं यंत्र आहे."

"घरात सुरी आहे."

"हे फुलं करतं."

"पोटात गेल्यावर फुलं राहतात का रे ती?" आई म्हणाली.

"बाबा," चिंगी म्हणाली, "लसूण सोलायचं मशीन कुठे आहे?"

"माळ्यावर."

"आणि अंड्याचे चौकोन करायचं?"

"माळ्यावर."

"आणि तो रेडिओ असलेला टॉर्च?"

"त्याचा रेडिओ चालतो," मी म्हणालो.

"आणि टॉर्च?"

मी वादी पुन्हा घट्ट आवळली. एवढी उलटतपासणी खुनाच्या आरोपीचीही होत नसेल.

त्यानंतर मी एक धोरणी निर्णय घेतला. स्वतःसाठी मागायचंच नाही! उशीर झाला तरी टॅक्सी नाही, चालत जायचं. कँटीनमध्ये साऱ्या सेक्शनला केक खिलवायची माझी सवय होती, तीही बंद. हिरव्या शाईचं पेन नाही, लॉटरीचं तिकीट नाही. कारण टॅक्सी कशाला म्हणून विचारलं तर "मी उठलोच नाही" हे आईसमोर सांगायचं कोणी? महिना सरत चालला आणि पिशवी काही हलकी होईना. मी मनात म्हटलं, याला म्हणतात व्यवस्थापन! पिशवीचं गुपित फक्त मला आणि लॅटिन लोकांना कळलं होतं.

आणि माझं वजन बाहेरही वाढलं. याचा पुरावा म्हणजे मिलॉर्ड.

मिलॉर्ड हा आमच्या शेजारच्या वकिलांचा कुत्रा. दिवसभर कोर्टात दुसऱ्याला वाकून मिलॉर्ड म्हणावं लागतं, तेव्हा घरी आल्यावर "मिलॉर्ड, बस! मिलॉर्ड, तोंड मिट!" म्हणायचं सुख मिळावं म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं होतं. हा मिलॉर्ड एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण मी पिशवी घालून निघालो की तो माझ्या मागे यायचा. ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि सुटायच्या वेळी घ्यायला हजर. संध्याकाळी मी दुकानाच्या दारातल्या खुर्चीत रेललो, पिशवी पोटावर ठेवली, की तोही शेजारी येऊन खुर्चीच्या हातावर हनुवटी टेकायचा आणि पिशवीकडे भक्तिभावाने बघत राहायचा. मला वाटायचं, ज्याच्या गळ्यात पैसा आहे त्याला मुकं जनावरसुद्धा ओळखतं.

"लोण्याचा वास येतोय तुम्हाला," ही म्हणायची.

"जळतेस तू," मी म्हणायचो.

वकील मात्र रागावले. "माझा कुत्रा फितवलात तुम्ही," ते जिन्यात म्हणाले. "केस होऊ शकते."

"मिलॉर्डच माझ्या बाजूने आहेत," मी म्हणालो, आणि तो संपूर्ण दिवस माझा मजेत गेला.

अखेर महिन्याचा शेवटचा रविवार आला. मी जाहीर केलं, संध्याकाळी चहाच्या वेळी बजेट उघडण्यात येईल. इस्त्रीचा शर्ट घातला. (आत लोण्याच्या डागांचा शर्ट होता, त्याच्यावरूनच घातला.) त्रयस्थ साक्षीदार म्हणून वकिलांना बोलावलं. ते मिलॉर्डला घेऊन आले. सोफ्यावर आई, ही आणि चिंगी. समोर टीपॉय. मी उभा.

 आता दोनच गोष्टी होत्या. एक तर खुर्ची, नाहीतर आयुष्यभर तिचं नावही नाही.

"सज्जनहो," मी म्हणालो, "बजेट हा शब्द मुळात..."

"अहो, उघडा ना," ही म्हणाली.

"दोन मिनिटं. तर जुन्या फ्रेंचमध्ये..."

सांगता सांगता मला वाटलं, पिशवी सगळ्यांना नीट दिसावी. मी ती महिन्यात पहिल्यांदाच गळ्यातून काढली, टीपॉयवर ठेवली आणि बुल्गाकडे वळलो. लॅटिन सांगताना माझे डोळे आपोआप मिटतात. ते उघडले तेव्हा टीपॉय रिकामा होता आणि दाराच्या फटीतून एक शेपूट नाहीसं होत होतं.

"बाबा! बजेट गेलं!" चिंगी किंचाळली.

मग जे पळालो आम्ही! पुढे तोंडात पिशवी घेऊन मिलॉर्ड, मागे नुसत्या मोज्यांवर मी, माझ्या मागे ही, "अहो, डावीकडे! डावीकडे वळला तो!" ओरडत, तिच्या मागे चिंगी, आणि सगळ्यात मागे धापा टाकत वकील. त्यांच्या तोंडाला इतक्या वर्षांची सवय. रागाने ओरडायला गेले आणि आवाज निघाला तो कोर्टातला. "मिलॉर्ड! माझी नम्र विनंती आहे, मिलॉर्ड! एक मिनिट माझं म्हणणं ऐकून घ्या!" लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. फळवाल्याने आडवी गाडी घातली, मिलॉर्ड तिच्याखालून गेले आणि मी तिच्यावर गेलो. माझ्या डोळ्यांसमोर दोघांचे पगार, आईची औषधं, पुढच्या महिन्याचं भाडं, सगळं चार पायांवर पळत होतं. खुर्ची गेली खड्ड्यात, मी म्हटलं, आता घरात तोंड कसं दाखवू? मला खरोखर रडायला आलं.

कोपऱ्यावर वळलो आणि थबकलो.

फर्निचरच्या दुकानाच्या दाराशी, माझ्या खुर्चीत, पाठ मागे रेललेली, मिलॉर्ड विराजमान झाले होते. पिशवी पुढच्या दोन पायांत धरून ते तिला शांतपणे चाटत होते. रोज संध्याकाळी पिशवीची जागा तीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकानदार म्हणाला, "आज हे एकटेच पुढे आले. मला वाटलं, तुम्ही मागून येतच असाल."

तोवर आमची ही पोचली. तिने पदर खोचला, कुत्र्याच्या पायांतून पिशवी ओढून घेतली आणि वादी सोडली. भोवती गर्दी जमली होती. तिने नोटा बाहेर काढल्या आणि अंगठा ओला करून मोजायला सुरुवात केली. तुम्ही तिला मोजताना बघायला हवं होतं! बोटं अशी सरसर चालली की अख्खा रस्ता बघायला थांबला. फळवाला गाडी सोडून आला, वकील धापा टाकायचे विसरले, मिलॉर्डनीसुद्धा मान वर केली. मी डोळे मिटून उभा होतो.

"थोडं लोणी लागलंय," ती म्हणाली, "पण सगळ्या आहेत."

"आणि?"

तिने खुर्चीच्या पायाला लटकवलेल्या किमतीच्या चिठ्ठीकडे बघितलं, पुन्हा नोटांकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पुढचं भाडं आणि आईंची औषधं बाजूला काढून," ती म्हणाली, "खुर्चीचे पैसे होतात. वर थोडे उरतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना काही कळलं नव्हतं, तरी वाजवल्या. वकिलांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "निकाल तुमच्या बाजूने." चिंगी माझ्या गळ्यात पडली. मी रडलो. खोटं कशाला सांगू, रस्त्यात उभा राहून, मोज्यांवर, रडलो. त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

एवढ्यावर थांबेल ती आमची ही कसली! ती दुकानदाराला म्हणाली, "किंमत कमी करा. वापरलेली आहे खुर्ची."

"कोणी वापरली?"

"माझ्या नवऱ्याने. रोज. तुमच्या डोळ्यांदेखत."

 दुकानदाराने किंमत कमी केली, वर हातगाडीही दिली. मला वाटलं होतं, ही म्हणेल, तुम्ही ढकला. पण ती म्हणाली, "बसा आता. इतके दिवस वाट बघितलीत."

आणि मी बसलो! हातगाडीवर खुर्ची, खुर्चीत मी, गळ्यात पिशवी, पायांच्या फळीवर मिलॉर्ड. हिने आणि चिंगीने ढकलली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध निघाली. गच्चीतून लोक वाकून बघत होते, एका बाळाने मला टाटा केला, मीही हात हलवला. आमचे साहेब बाजाराची पिशवी घेऊन फुटपाथवरून चालले होते. ते बघतच राहिले. मी वरून ओरडलो, "साहेब, ही ती पिशवी!"

घरी खिडकीपाशी खुर्ची मांडली. मी रेललो. फळी सरकवली. हिने चहाचा कप खुर्चीच्या हातावर ठेवला, अगदी मी स्वप्नात बघायचो तसा, आणि समोरच्या सोफ्यावर बसली.

"एक विचारू? ही शिल्लक आली कुठून?"

"व्यवस्थापन," मी डोळे मिटून म्हणालो. "बघ, जुन्या फ्रेंचमध्ये..."

"नाही, पण कुठून? मी रोज बघत होते. आईंनी मागितले, तुम्ही दिलेत. चिंगीला तर मागितल्यापेक्षा जास्त दिलेत. मला नेहमीइतकेच लागले. लोणी मात्र भरपूर लागलं. मग वाचले कुणाचे?"

मी एक डोळा उघडला. तिघीही माझ्याकडे बघत होत्या.

"या महिन्यात घरात एकाच माणसाने काही खर्च केला नाही," ही म्हणाली. "बाकी सगळं होतं तसंच आहे."

आई हळूच म्हणाली, "म्हणजे खुर्ची इतकी वर्षं माळ्यावर होती म्हण की. तुकड्या-तुकड्याने."

मी कपात बघायला लागलो. चहा चांगला झाला होता.

"तुमचं बरोबर होतं हो," ही म्हणाली, आणि खरंच प्रेमाने म्हणाली. "बजेट म्हणजे पिशवीच. फक्त ती कुणाच्या गळ्यात बांधायची, ते मला इतके दिवस सुचलं नव्हतं. आता राहू दे तिथेच. शोभून दिसते."

तेव्हापासून ती गळ्यातच आहे. मी काही हरलेलो नाही, हे लक्षात ठेवा. मी जिंकलो, खुर्ची घरात आली, साक्षीदार आहेत. सकाळी त्या खुर्चीत आई बसून विणते. दुपारी मिलॉर्ड येऊन झोपतात, वकील त्यांना न्यायला येतात तेव्हा घटकाभर तेही टेकतात. चिंगी क्लासवरून आली की ती, आणि ही बँकेतून आली की ही. दिवसभर मान खाली घालून नोटा मोजून तिची पाठ दुखते, तिला ऊठ कसं म्हणणार?

म्हणून मी संध्याकाळी घरी जाताना जरा वाट वाकडी करतो. दुकानाच्या दाराशी दुकानदाराने आता नवी खुर्ची मांडली आहे. ही खुर्ची डुलते. मी बसतो, पिशवी पोटावर ठेवतो आणि सावकाश डुलतो.

काल दुकानदार बाहेर आला. मला डुलताना पाहून म्हणाला, "आवडलीय ना? मग घेऊन टाका की हीही."

मी पिशवीवर हात ठेवला आणि उत्तर दिलं. आवाज अगदी हुबेहूब हिचा निघाला.

"बजेटमध्ये बसत नाही."